लहान धंद्यावरील कागदांचे ओझे आणि हरकती-सूचनांची मुदत

शेतमाल कच्चा विकण्याऐवजी त्यावर घरच्या घरी काही संस्कार करून विकला, म्हणजे गाठीस चार पैसे अधिक राहतात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. हळद दळून विकणे, लाकडी घाण्यावर करडईचे तेल काढणे, तूर भरडून डाळ करणे, आमसुले किंवा पापड करणे, हे जोडधंदे पुष्कळ शेतकरी कुटुंबांनी आरंभिले आहेत. परंतु धंदा आरंभिला म्हणजे जी एक नवी अडचण दारात येऊन उभी राहते, तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. ही अडचण भांडवलाची नव्हे आणि गिऱ्हाइकाचीही नव्हे. ती कागदांची होय. ज्याने जन्मभर सातबारा, आठ-अ आणि सोसायटीचे पासबुक एवढ्याच कागदांशी व्यवहार केला, त्यास एकाएकी नोंदणी, परवाना, विवरणपत्र, नूतनीकरण, घोषणापत्र अशा नावांची ओळख करून घ्यावी लागते. मोठ्या कारखानदाराजवळ या कामासाठी पगारी माणूस असतो. लहान धंदेवाल्यास मात्र मालकही स्वतःच, हमालही स्वतःच आणि कारकूनही स्वतःच व्हावे लागते. कागद दोघांस सारखाच असतो. त्याचे वजन सारखे पडत नाही.

या ओझ्याविषयी पारावर आणि बाजारात बोलणारे पुष्कळ भेटतात. परंतु ती तक्रार ज्या ठिकाणी विचारात घेणे अधिकाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, त्या ठिकाणी आणि त्या मुदतीत ती क्वचितच पोहोचते. ते ठिकाण कोणते, ती मुदत कोणती आणि तेथे काय लिहावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळेच कागद ओझे नसतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते व वह्या हिसकावून जाळल्या, हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या शेतकऱ्यांनी कागद जाळले त्यांच्या रक्षणार्थ झालेल्या या कायद्याने कागद कमी केले नाहीत, वाढविले. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, पैसे भरल्याची पावती त्यास मिळावी आणि सावकाराने हिशेबाचा उतारा द्यावा, असे नियम त्यात होते. सुप्यास जळाला तो एकतर्फी कागद. कायद्याने मिळाला तो दोघांच्या हातात राहणारा कागद. आजही कोणत्याही नमुन्याकडे पाहताना हाच भेद मनात ठेवावा. जो कागद आपल्याजवळ पुरावा म्हणून राहतो तो राखावा, आणि जो केवळ कचेरीच्या फडताळात जाऊन पडतो त्याची गरज विचारावी.

आता हे कागद येतात कोठून, ते पाहू. लोकसभेत किंवा विधिमंडळात मंजूर होणाऱ्या कायद्यात बहुधा अर्जाचा नमुना नसतो. कायदा एवढेच म्हणतो, की अमुक धंदा करणाऱ्याने नोंदणी करावी. ती नोंदणी कोणत्या नमुन्यावर, कोणत्या पुराव्यासह, किती फी भरून व किती वर्षांनी पुन्हा करावयाची, हे त्या कायद्याखाली सरकार किंवा एखादे प्राधिकरण जे नियम अथवा विनियम करते त्यात ठरते. म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भारा बांधला जातो तो नियमांच्या परिशिष्टात. कायद्याची चर्चा वर्तमानपत्रांत होते, परिशिष्टाची कोठेच होत नाही. आणि आपल्यास रोज गाठ पडते ती परिशिष्टाशी.

मात्र हे नियम करणाऱ्यावर पुष्कळ कायद्यांनी एक अट घातलेली असते. नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, ही ती अट. अशी अट असेल तेथे काय करावयाचे, हे १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याच्या कलम २३ मध्ये सांगितले आहे. मसुदा प्रसिद्ध करावयाचा, त्याबरोबर तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल त्याची सूचना द्यावयाची, आणि त्या तारखेपूर्वी ज्या हरकती व सूचना येतील त्यांचा विचार करावयाचा. राजपत्रात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे जे शब्द आपण पाहतो, त्यांचे मूळ येथे आहे. सरकारने केलेली ती मेहेरबानी नव्हे. कायद्याने लावून दिलेली ती पायरी आहे.

याच कलमाचा शेवट मात्र सर्वांनी नीट वाचावा. अंतिम नियम राजपत्रात छापून आला, म्हणजे तो रीतसर झाला याचा तेच प्रकाशन निर्णायक पुरावा मानले जाते. म्हणून मसुदा आणि अंतिम नियम यांच्यामधले जे काही थोडे दिवस असतात, त्यांचे मोल मोठे आहे. तेवढ्या अवधीत आलेले पत्र विचारात घ्यावेच लागते. त्यानंतरचे पत्र वाचणे न वाचणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. वाफसा गेल्यावर केलेल्या पेरणीसारखीच त्या पत्राची गत. विचार करणे म्हणजे मान्य करणे नव्हे, किंवा प्रत्येकास उत्तर देणेही नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. नाहीतर एक पत्र पाठवून मोठी आशा बाळगणाऱ्याची निराशा होते.

खाद्यपदार्थांच्या धंद्याचेच उदाहरण घेऊ, कारण आमच्या बहुतेक वाचकांचे जोडधंदे त्यातच मोडतात. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा त्यास लागू पडतो. या कायद्याचे कलम १८ प्रत्येक शेतकऱ्याने वाचण्याजोगे आहे. त्यात एके ठिकाणी असे म्हटले आहे, की शेतकरी, शेतीची कामे, पिके आणि शेताच्या पातळीवर शेतकऱ्याने काढलेला माल यांस हा कायदा लागू नाही. म्हणजे ओली हळद किंवा भुईमुगाच्या शेंगा बाजारात नेणाऱ्यास या कायद्याची नोंदणी नको. हळद दळून पुड्या बांधणाऱ्याने मात्र ही सवलत आपल्यास आहे असे गृहीत धरू नये. त्याच कलमात दुसरीकडे असे आहे, की विनियम तयार करताना आणि बदलताना लोकांशी खुला विचारविनिमय करावा, तो प्रत्यक्ष करावा अथवा प्रातिनिधिक संस्थांमार्फत करावा. आणि त्या संस्थांत सर्व पातळ्यांवरील पंचायतींचा स्पष्ट उल्लेख आहे. निकडीचा प्रसंग तेवढा यास अपवाद. याच कायद्याच्या कलम ९२ ने विनियम आगाऊ प्रसिद्ध करण्याची अटही घातली आहे. आमच्या मते ग्रामपंचायतीस दिलेला हा अधिकार आजवर जवळजवळ पडून राहिला आहे. गावात पाच घरे पापडाचा धंदा करीत असतील, तर ग्रामपंचायतीने ठराव करून आपले म्हणणे अन्न प्राधिकरणाकडे पाठविणे हे तिच्या कक्षेबाहेरचे मुळीच नाही.

या कायद्याखाली २०११ साली नोंदणी व परवान्याचे विनियम झाले. लहान उत्पादक म्हणजे वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणारा, अशी मर्यादा त्यांनी घातली व अशांस परवान्याऐवजी साधी नोंदणी, आणि तीस वर्षाला १०० रुपये फी ठेवली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी चालू असलेला आकडाच खरा धरावा. त्या मूळ विनियमांत लहान धंदेवाल्याच्या सोयीचे एक वाक्य होते. अर्ज आल्यापासून ७ दिवसांत नोंदणी दिली नाही, नाकारली नाही किंवा तपासणीची नोटीस काढली नाही, अथवा ३० दिवसांत काहीच निर्णय कळविला नाही, तर अर्जदाराने धंदा सुरू करावा. कचेरीच्या मौनाचा तोटा अर्जदाराच्या माथी न मारणारे असे वाक्य ज्या मसुद्यात नसेल तेथे ते घालण्याची सूचना अवश्य करावी, आणि ज्या मसुद्याने ते काढून टाकले असेल तेथे हरकत घ्यावी.

लोकांच्या म्हणण्याने कागद कमी होतात काय, अशी शंका कोणी घेईल. सर्वत्र होत नाहीत. पण झाल्याचे दाखले आहेत. लहान उद्योगांची नोंद पूर्वी दोन भागांच्या निवेदनपत्रावर करावी लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये ती एका पानावर आली, आणि १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी स्वयंघोषणेवर, कोणताही कागद न जोडता व फी न भरता होऊ लागली. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा दर महिन्यास तीन विवरणपत्रे भरण्याची योजना होती. व्यापाऱ्यांची इतकी ओरड झाली, की नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांतील दोन तहकूब करण्यात आली. पुढे जानेवारी २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांस विवरणपत्र तिमाहीने भरण्याची मुभा मिळाली. तीन वर्षांत एवढा फरक पडला, कारण व्यापाऱ्यांच्या संघटना नमुन्यांची नावे आणि रकान्यांचे क्रमांक घेऊन बोलत होत्या. शेतकऱ्यांच्या जोडधंद्यांची अशी संघटना नाही आणि असा आवाजही नाही. (स्वतः कसलेल्या जमिनीतील मालाच्या विक्रीपुरती शेतकऱ्यास या करात नोंदणी नको, हे त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, तेथेही दळलेल्या-भरडलेल्या मालास ती सवलत लागू धरू नये.)

यावरून सूचना कशी लिहावी हे ठरते. 'आम्हां गरीब शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, तरी साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा' या धर्तीच्या पत्राचा वाचणाऱ्यास काहीही उपयोग नसतो. तो गृहस्थ कदाचित सहानुभूतीने वाचीलही, पण मसुद्यात कोणता शब्द बदलावा हे त्यास त्यातून कळत नाही. त्याच्यापुढे मसुद्याचा कागद आहे. म्हणून आपलेही बोट त्याच कागदावरील एका ओळीवर ठेवले पाहिजे. कोणते कलम किंवा कोणता रकाना, त्यामुळे आपले किती दिवस व किती रुपये जातात, ती माहिती कचेरीस कशासाठी हवी असावी, आणि तोच हेतू कमी कष्टांत कसा साधेल, एवढे लिहिले म्हणजे पुरे.

दिवस आणि रुपये मोजण्यावर आमचा विशेष भर आहे. अमेरिकेत १९८० साली सरकारी कागदपत्र कमी करण्याचा एक स्वतंत्र कायदा झाला व १९९५ साली तो नव्याने करण्यात आला. तेथील केंद्र सरकारच्या एखाद्या खात्यास दहा किंवा अधिक लोकांकडून ठराविक नमुन्यात माहिती मागवावयाची असेल, तर प्रथम ६० दिवस लोकांची मते मागवावी लागतात. मग ते काम अर्थसंकल्प खात्याच्या एका कचेरीकडे मंजुरीस जाते आणि तेथे आणखी ३० दिवस मते स्वीकारली जातात. तो नमुना भरण्यास सरासरी किती वेळ लागेल याचा अंदाज खात्यास द्यावा लागतो. मंजुरी तीन वर्षांपलीकडे चालत नाही, आणि ज्या नमुन्यावर चालू मंजुरीचा क्रमांक नाही तो न भरल्याबद्दल कोणास दंड करता येत नाही. या कायद्याने तेथील कागद संपले असे नाही. पण ओझे तासांत मोजावयाचे असते ही गोष्ट तेथे सरकारच्याच गळ्यात बांधली गेली. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून मोजण्याचे काम आपल्यासच केले पाहिजे, आणि ते अवघड नाही. तालुक्यास एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च, नकलांचे पैसे, आणि त्या दिवशी बंद राहिलेली गिरणी. घरातील लिहित्या माणसाने वहीच्या एका पानावर वर्षभर तारीखवार एवढे टिपून ठेवले, तर मसुदा निघेल त्या दिवशी पुरावा हाताशी तयार असतो.

नमुन्यादाखल एक सूचना लिहून दाखवितो. यातील क्रमांक व आकडे कल्पित आहेत. वाचकांनी आपले खरे घालावेत.

'मसुद्यातील नमुना अ, रकाना ७ येथे जागेच्या मालकीच्या पुराव्याची प्रत मागितली आहे. आमचा हळद दळण्याचा धंदा राहत्या घराच्या पडवीत चालतो. घर गावठाणात असल्यामुळे त्यास सातबारा नाही. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना ८ चा, उतारा आहे व त्यावर अद्याप आजोबांचे नाव आहे. नाव बदलून उतारा मिळविण्यास आम्हांस चार खेपा व अंदाजे २,४०० रुपये लागतील, आणि वारसांपैकी एक जण परगावी असल्याने किती महिने जातील हे सांगता येत नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास जागा नक्की सापडावी हा या रकान्याचा हेतू असावा. तो मालकीवाचूनही साधतो. यास्तव रकाना ७ मध्ये "मालकीचा पुरावा" या शब्दांपुढे "अथवा ग्रामपंचायतीची चालू वर्षाची घरपट्टीची पावती व अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र" हे शब्द घालावेत.'

या पत्रात नियमास विरोध नाही, त्यातील एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि ती ओळ अधिकाऱ्यास आयतीच लिहून दिलेली आहे. गावठाणातील घरांची ही अडचण शहरात बसून मसुदा करणाऱ्यास ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. ती आपण सांगितली नाही तर दुसरे कोण सांगणार?

उलट, जी तपासणी वाजवी आहे तिच्याविरुद्ध लिहून आपली पत घालवू नये. हळदीस रंग चढविण्यासाठी शिशाचे विषारी क्रोमेट घालणारे भेसळवाले असतात. त्यांच्यामुळे शुद्ध हळद दळणाऱ्याचा भाव पडतो आणि खाणाऱ्याच्या जिवास अपाय होतो. पाण्याची तपासणी, मालाची तपासणी, पुडीवर तारीख व पत्ता, हे नियम प्रामाणिक धंदेवाल्याचे मित्र आहेत. आमचा आक्षेप आहे तो एकच माहिती चार ठिकाणी मागण्यावर आणि जी नोंद सरकारच्या एका खात्याच्या संगणकावर आहे, तिचीच कागदी नक्कल दुसऱ्या खात्याने मागण्यावर.

भाषेची अडचण पुष्कळांस वाटते. राज्य शासनाचे मसुदे मराठीत मिळतात, केंद्राचे बहुधा हिंदी व इंग्रजीत असतात. पर्यावरण परिणामाच्या मूल्यांकनासंबंधीचा २०२० चा मसुदा असाच निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्यास सांगितले व सूचनांची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. मसुदा कळण्यासाठी कोणा शिकलेल्या मुलामुलीची मदत घ्यावी लागली तरी उत्तर मराठीत लिहिण्यास काहीच हरकत नाही. संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाण्याचे निवेदन, संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकास दिला आहे.

मुदतीविषयी केंद्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी एक धोरण ठरविले. कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, त्याची कारणे व लोकांच्या उपजीविकेवर होणारा परिणाम सांगावा, आणि आलेल्या मतांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे त्यात आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते प्रत्येक वेळी पाळले जातेच असे नाही. शिवाय तीस दिवस म्हणजे कचेरीच्या हिशेबाने पुष्कळ झाले, पण ते मृग-आर्द्रांत आले तर शेतकऱ्यास एक दिवसही सापडत नाही. म्हणून एकेकट्याने राजपत्र पाहत बसण्याऐवजी प्रत्येक गावच्या किंवा तालुक्याच्या शेतकरी संघाने हे काम एका माणसाकडे द्यावे. त्याने आठवड्यातून एकदा राजपत्र व संबंधित खात्यांची प्रकाशने पाहावीत, मसुदा दिसताच शेवटची तारीख फळ्यावर लिहावी, आणि ज्यांचा धंदा त्यात येतो त्यांच्याकडून हिशेबाची पाने मागवावीत. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींवर शंभर सह्या घेऊन पाठविण्यापेक्षा दहा घरांचे दहा निरनिराळे खरे हिशेब पाठविणे आम्ही अधिक उपयोगाचे समजतो. पत्र नोंदणी टपालाने अथवा मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर ई-मेलने पाठवावे आणि पोच जपून ठेवावी.

काही कागद मात्र नियमांत नसतातच. ते खिडकीवर जन्मास येतात. सरकारी कचेरीत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ सालीच माफ झाले, आणि जेथे कायद्याने प्रतिज्ञापत्र आवश्यक नाही तेथे साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र घ्यावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरविले. तरीही 'स्टँप पेपर आणा' हे शब्द त्यानंतरही लोकांच्या कानी पडत आले आहेत. एका कचेरीत आम्हीच ते ऐकले आणि वाद नको म्हणून मुकाट्याने स्टँप आणून दिला, हे कबूल केले पाहिजे. अशा वेळी हरकती-सूचनांचा मार्ग नसतो, कारण बदलावयास नियमच नसतो. तेथे कोणत्या नियमान्वये हा कागद हवा ते लेखी मागावे. ती सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित असेल तर अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर त्याच कायद्याखाली अपील करता येते.

मसुद्यावर सूचना पाठविल्यानंतर अंतिम नियम निघेल तेव्हा तो मसुद्याशी ओळ न् ओळ ताडून पाहावा. आपण सुचविलेले शब्द आले असतील तर ते गावास दाखवावेत, कारण पुढच्या वेळी हिशेबाची पाने मागताना त्याचा उपयोग होतो. आले नसतील, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये फी भरून, आलेल्या सूचनांवर खात्याने काय टिपणी केली तिची नक्कल मागावी. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. ज्या कारणाने सूचना नाकारली गेली त्या कारणास उत्तर लिहून हिशेबाच्या वहीतच ठेवावे. असे विनियम पुन्हा पुन्हा दुरुस्त होतात, आणि पुढचा मसुदाही ऐन पेरणीच्या दिवसांत निघण्याचा संभव असतो.